चौंडकं चालतं, पियानो ढकलावा लागतो

सौंदत्तीच्या यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेच्या जत्रेत डोक्यावर देवीचा जग (देवीची मूर्ती असलेली टोपली) घेऊन नाचणारा आणि काखेत चौंडकं हे तंतुवाद्य धरून तार छेडणारा, दोघं एकाच रिंगणात असतात. त्यामुळे नर्तकाच्या शेजारी वादक दिसला तर निपाणी-खानापूरकडच्या माणसाला त्यात नवल ते काय वाटणार? युरोपात मात्र बॅलेचे वादक रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसत आणि नर्तक सुरावर नाचे.

खड्ड्यातल्या या वाद्यवृंदाहून वेगळं ते चेंबर म्युझिक, म्हणजे दिवाणखान्यातलं संगीत: मोजके वादक, प्रत्येकाचा वाटा वेगळा, कंडक्टर नाही. आपल्या बैठकीशी त्याची तुलना करतात, पण ती अर्धीच खरी. बैठकीत गवई मुख्य, बाकीचे साथीला. दोन व्हायोलिन, व्हायोला आणि चेलो यांच्या स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये ‘साथ’ नावाचा प्रकारच नसतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नर्तकी इसाडोरा डंकन संगीतकार शोपँच्या, नाचासाठी न लिहिलेल्या रचनांवर नाचू लागली. खरी मोडतोड केली ती अमेरिकी नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी. नाच आणि संगीत वेगवेगळे बसवायचे, ठरवायचा फक्त एकूण वेळ, आणि गाठ पडायची ती थेट प्रयोगात. हेच केज १९४६ मध्ये अहमदाबादच्या गीता साराभाईंकडे भारतीय संगीत समजून घेत होते. १९६४ च्या जगदौऱ्यात कनिंगहॅमची कंपनी भारतातही आली.

आपल्याला पचायला जड जातं ते इथेच. ‘संगीत शाकुंतल’ लिहिणाऱ्या अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर बेळगाव जिल्ह्यातलंच. नाट्यपद असो, लावणी असो, सीमाभागाचा कान समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघतो. ढोलकी आणि घुंगरू एकमेकांना डिवचतील, कुरघोडी करतील, पण समेवर भेटायचंच. ही भेट मुद्दाम चुकवायची, ही कल्पना मला आजही थोडी उद्धट वाटते, आणि म्हणूनच आवडते.

बेल्जियमच्या नृत्यरचनाकार आन तेरेसा द किर्समेकर यांनी तिसरी वाट धरली. संगीत सोडायचं नाही, पण त्याचं अंग वाचायचं. ‘व्होर्टेक्स टेंपोरम’ (२०१३) या त्यांच्या नृत्यात फ्रेंच संगीतकार जेरार ग्रिझे यांची सहा वादकांची रचना आहे: बासरी, क्लॅरिनेट, व्हायोलिन, व्हायोला, चेलो, पियानो. आधी वादक एकटेच वाजवतात. मग नर्तक नुसत्या शांततेत नाचतात. शेवटी सगळे एकत्र येतात आणि वादकही वाजवता वाजवता चालू लागतात. चौंडकंवाला हे रोजच करतो. पियानो तेवढा ढकलावा लागतो.