आयरिश हद्दपार कैदी

आयर्लंडमधल्या न्यायालयांनी दोषी ठरवून ब्रिटिश साम्राज्याच्या दूरच्या वसाहतींत, मुख्यतः ऑस्ट्रेलियात, मजुरीसाठी पाठवलेले स्त्री-पुरुष. ही शिक्षा मराठी वाचकाला ‘काळे पाणी’ या नावाने ठाऊक आहे. आयर्लंडमधली आणि भारतातली, दोन्ही हद्दपारींचे मूळ एकाच साम्राज्याच्या कायद्यात होते. लोकमान्य टिळकांना १९०८ साली झालेली सहा वर्षांची शिक्षा कागदोपत्री हद्दपारीचीच होती.

सतराव्या शतकात इंग्लंडचा सत्ताधीश क्रॉमवेल याच्या राजवटीत अनेक आयरिश लोकांना कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोस बेटावर धाडले गेले. पुढे कैद्यांची जहाजे अमेरिकेतल्या वसाहतींकडे जाऊ लागली. अमेरिकेने स्वातंत्र्ययुद्ध पुकारल्यावर तो मार्ग बंद झाला. मग ‘क्वीन’ हे जहाज एप्रिल १७९१ मध्ये कॉर्कहून निघाले आणि सप्टेंबरमध्ये सिडनीला पोचले. आयर्लंडहून थेट ऑस्ट्रेलियाला कैदी नेणारे हे पहिले जहाज. त्यातून उतरलेल्यांपैकी वीस पुरुष आणि एक गरोदर स्त्री त्याच नोव्हेंबरात वसाहतीतून पळाली. उत्तरेकडे चालत गेले, वाटेतली एक मोठी नदी ओलांडली की चीन लागतो, अशी त्यांची समजूत होती. वसाहतीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी हा किस्सा आयरिश अडाणीपणाचा नमुना म्हणून रंगवला. पण ज्यांना आपण पृथ्वीच्या कोणत्या टोकाला आहोत हे कुणी सांगितलेच नव्हते, त्यांनी घरापेक्षा जवळचा वाटणारा देश गाठायला निघावे, यात हसण्यासारखे काही नाही.

शिक्षा सात वर्षांची, चौदा वर्षांची किंवा जन्मभराची असे. सुरुवातीच्या आयरिश जहाजांबरोबर मात्र कैद्यांचे कागद वेळेवर येतच नसत. कोणाची शिक्षा कधी सुरू झाली आणि कधी संपणार, हे गव्हर्नरलाही सांगता येत नसे. मुदत भरलेला माणूस आपण सुटलो असे म्हणे, पण ते सिद्ध करायला त्याच्याकडे काही नसे. सुटका झाली तरी परतीचे भाडे सरकार देत नव्हते. त्यामुळे सात वर्षांची शिक्षा बहुतेकांसाठी जन्मठेपच ठरली.

१७९१ ते १८५३ या काळात आयर्लंडहून सुमारे ४०,००० कैदी न्यू साउथ वेल्स आणि व्हॅन डीमेन्स लँड (आजचे टास्मानिया) येथे गेले. कायद्याच्या भाषेत हे ‘गंभीर गुन्हेगार’ होते. त्यांत खुनी आणि दरोडेखोर होते, फाशी माफ होऊन आलेलेही होते. तरी बहुतेकांचा गुन्हा चोरीचा असे: कपडे, मेंढी, गाय. पुढे दरोडेखोर म्हणून गाजलेल्या नेड केलीचे वडील आयर्लंडमधल्या टिपररीचे. दोन डुकरे चोरल्याबद्दल त्यांना सात वर्षांसाठी पाठवले होते. जमिनीचा खंड (भाडे) आणि चर्चचा कर यांविरुद्ध रात्री उठाव करणारे ‘व्हाइटबॉइज’ ही आणखी एक मोठी तुकडी. त्यांना आवरायला केलेल्या कायद्यानुसार, अशांत जाहीर झालेल्या जिल्ह्यात सूर्यास्तानंतर घराबाहेर सापडणे एवढेही हद्दपारीला पुरे होई.

राजकीय कैदी संख्येने थोडे, पण त्यांची आठवण सर्वांत जास्त राहिली. ब्रिटिश सत्तेविरुद्ध आयर्लंडमध्ये झालेल्या १७९८ च्या बंडातले अनेक जण सिडनीला आले. त्यांत जेम्स डिक्सन हे कॅथलिक धर्मगुरू होते. १८०३ मध्ये त्यांना वसाहतीत उघडपणे मास (कॅथलिक सामूहिक उपासना) म्हणण्याची पहिली परवानगी मिळाली. मार्च १८०४ मध्ये सिडनीजवळच्या कॅसल हिल येथे कैद्यांनी बंड केले. त्यांचा म्होरक्या फिलिप कनिंगहॅम याला खटला न चालवताच फासावर चढवले, आणि डिक्सन यांची परवानगीही काढून घेतली. चकमक झाली त्या जागेला लोक ‘व्हिनेगर हिल’ म्हणू लागले. आयर्लंडच्या वेक्सफर्डमधल्या याच नावाच्या टेकडीवर १७९८ मध्ये बंडखोरांचा पराभव झाला होता.

आयर्लंडमधल्या १८४८ च्या उठावातील विल्यम स्मिथ ओब्रायन, टॉमस फ्रान्सिस मार आणि त्यांचे दोन साथीदार यांची फाशी रद्द होऊन ते टास्मानियात आले. मार १८५२ मध्ये निसटले आणि अमेरिकी यादवी युद्धात सेनानी झाले. शेवटचे कैदीजहाज ‘हूगमाँट’ जानेवारी १८६८ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला लागले, तेव्हा त्यावर ६२ फेनियन, म्हणजे आयर्लंडच्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्या गुप्त चळवळीचे लोक, होते. त्या चळवळीच्या सहा कैद्यांना १८७६ मध्ये ‘कॅटाल्पा’ या अमेरिकी देवमासेमारी जहाजाने सोडवून नेले.

१८३६ पूर्वीच्या हद्दपारीच्या नोंदवह्या डब्लिनच्या अभिलेखागारात होत्या. १९२२ च्या यादवीत त्या जळाल्या. उरले ते मुख्यतः दयेचे अर्ज आणि कैद्यांच्या बायकांचे अर्ज. त्या बायका शिक्षा माफ करा असे म्हणत नाहीत, नवरा आहे तिथे मुलांसकट पाठवा एवढेच मागतात. ऑस्ट्रेलियातील वसाहतीला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १९८८ मध्ये, आयर्लंडने या कागदांच्या सूक्ष्मफिती ऑस्ट्रेलियाला भेट दिल्या. आपला पूर्वज कोणत्या गावचा, हे अनेक कुटुंबांना त्यांतून पहिल्यांदा कळले.