व्हिट्रिफाइड की सिरॅमिक, हा बाथरूमचा प्रश्नच नव्हे
"हॉलला व्हिट्रिफाइड, बाथरूमला सिरॅमिक" हे सूत्र टाइलच्या दुकानात इतक्या खात्रीने सांगितले जाते की त्यामागचे कारण कोणी विचारतच नाही. ज्यांनी विचारले त्यांनाही "व्हिट्रिफाइड घसरते" एवढेच उत्तर मिळते, आणि हे उत्तर चुकीचे आहे.

सिरॅमिक टाइल सर्वांच्या परिचयाची आहे: भाजलेल्या मातीचे सच्छिद्र अंग आणि वर झिलईचा थर. व्हिट्रिफाइडमध्ये माती, फेल्डस्पार आणि क्वार्ट्झ यांचे मिश्रण जास्त दाबाखाली आणि सुमारे 1200 अंश सेल्सियसला भाजून जवळजवळ काचेसारखे एकजीव केलेले असते. आंतरराष्ट्रीय मानकांनुसार अशी टाइल 0.5 टक्क्याहून अधिक पाणी शोषत नाही. जमिनीच्या सिरॅमिकमध्ये हे प्रमाण साधारणतः 3 ते 10 टक्के असते, तर भिंतीच्या टाइलमध्ये त्याहूनही जास्त. खात्री करायची असल्यास टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाकावेत. सिरॅमिकवर थोड्या वेळात ओला डाग पसरतो, व्हिट्रिफाइडवर थेंब तसाच राहतो.

गल्लत होते ती इथे. पाणी किती शोषले जाते हा टाइलच्या अंगाचा गुण आहे आणि पाय घसरणे हा पृष्ठभागाचा; या दोहोंचा एकमेकांशी संबंध नाही. चकचकीत सिरॅमिक ओली झाली की पॉलिश केलेल्या व्हिट्रिफाइडइतकीच घातक ठरते, आणि खरखरीत मॅट व्हिट्रिफाइड बाथरूममध्ये उत्तम चालते. तरीही हॉलशी रंग जुळावा म्हणून तीच गुळगुळीत टाइल न्हाणीघरापर्यंत नेणारी घरे दिसतात, तेव्हा घरातल्या वृद्धांची काळजी वाटते. दुकानदार "अँटी-स्किड" म्हणाला तर त्यावर थांबू नये, मानांकन विचारावे. त्यातही एक बारकावा आहे. आर-9 ते आर-13 ही श्रेणी तेल सांडलेल्या उतारावर बूट घालून चालण्याच्या चाचणीतून ठरते. साबणाच्या पाण्यात अनवाणी वावरण्यासाठी ए, बी, सी ही वेगळी श्रेणी आहे. शॉवरखालच्या जमिनीसाठी बी किंवा सी मिळाल्यास तीच घ्यावी.

बाथरूमच्या जमिनीला माझी पसंती एक फुटी मॅट टाइललाच आहे, कारण लहान टाइलने जाळीकडे ढाळ नीट देता येतो आणि सांधे जास्त असल्याने पायाला पकडही मिळते. भिंतीला मात्र साधी चकचकीत सिरॅमिक पुरे. तिथे जड व्हिट्रिफाइड लावणे हा निव्वळ खर्च आहे.

स्वयंपाकघरात व्हिट्रिफाइडच घ्यावी, पण पॉलिश केलेली डबल चार्ज (रंगाचा जाड थर दाबून बनवलेली व्हिट्रिफाइड) नको. पॉलिश करताना तिच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म छिद्रे उघडी पडतात आणि ती नीट बुजवलेली नसतील तर हळदीचा डाग तिथे मुरतो. झिलईदार व्हिट्रिफाइडचा मॅट प्रकार तिथे बरा. उलट हॉलमध्ये, जिथे खुर्च्या आणि माणसे सतत सरकतात, डबल चार्ज जास्त टिकते, कारण तिचा रंग काही मिलिमीटर खोल असतो. झिलईदार टाइलची छपाई वरच्या पातळ थरातच असते. शयनगृहात काहीही चालते.

बसवण्याच्या कामात मात्र अंगाचा फरक खरोखर महत्त्वाचा ठरतो. व्हिट्रिफाइडची पाठ पाणी शोषत नसल्यामुळे नुसते सिमेंटचे पाणी तिला धरत नाही, आणि काही महिन्यांतच टाइल पोकळ वाजू लागते किंवा उन्हाळ्यात फुगून उठते. तिला टाइल अ‍ॅडहेसिव्हच लागते, शिवाय किमान दोन मिलिमीटरचा सांधाही हवा. टाइलला टाइल भिडवून बसवण्याचा आग्रह सोडावा. काम संपल्यावर हिशेब चुकता करण्यापूर्वी प्रत्येक टाइल काठीने ठोकून पाहावी आणि जी पोकळ वाजेल ती तेव्हाच उचकटून नव्याने बसवून घ्यावी.