सॉफ्ट टेरेनचा टायर मऊ नसतो, हार्ड टेरेनचा कडक नसतो

इंदूरच्या बाईकवाल्यांमधे पावसाळा जवळ आला की एकच सल्ला फिरायला लागतो: जानापाव, पातालपानी, मांडूकडे सगळा खडक आणि मुरूम, तिथे कडक रबराचा टायर घ्या, आणि शेतातल्या चिखलातनं जायचं असेल तर मऊ रबराचा. ऐकायला पटतं, दुकानदारही मान हलवतो, आणि लोक चांगले पैसे मोजून नेमका नको तो टायर चढवून येतात. दरवर्षी हेच बघून कंटाळा आलाय म्हणून एकदाचं नीट लिहून ठेवतो.

साधा रोडचा टायर आणि बटन टायर, म्हणजे ज्याच्या अंगावर रबराचे उंच सुटे गट्टू असतात तो, यातला फरक सगळ्यांना माहिती आहे, त्यात वेळ घालवत नाही. ५०/५०, ८०/२० वगैरे आकडे म्हणजे रोड किती आणि कच्चा रस्ता किती याचा कंपनीने बांधलेला अंदाज, दोन कंपन्यांचे ५०/५० शेजारी ठेवले तरी बटनं वेगळीच दिसतील. एक्सपल्स, हिमालयनसारख्या कच्च्या रस्त्यावरही चालणाऱ्या बाईक शोरूममधून येतात तेव्हा त्यांना असलाच मधला टायर असतो आणि खरं सांगायचं तर बहुतेकांना तो पुरतो. गोंधळ त्याच्या पुढे सुरू होतो, पूर्ण बटन टायर घ्यायला गेलात की, जिथे सॉफ्ट टेरेन (मऊ जमीन), इंटरमीजिएट (मधली), हार्ड टेरेन (कडक जमीन) अशी वर्गवारी असते.

ही वर्गवारी जमिनीची आहे, रबराची नाही. आणि रबर बहुतेक वेळा तिच्या बरोबर उलट असतं.

का ते बघा. चिखल, वाळू, भुसभुशीत माती, अशा मऊ जमिनीत ग्रिप येते ती बटन आत घुसल्यामुळे. बटन आत जातं, मातीला मागे रेटतं आणि गाडी पुढे सरकते. त्यासाठी बटनं उंच हवीत, एकमेकांपासून लांब लांब हवीत म्हणजे चाक फिरताना मधे अडकलेला चिखल उडून जाईल, आणि इतकं उंच बटन एकटं उभं असताना जोर पडल्यावर दुमडायला नको म्हणून त्याचं रबर कडक लागतं. माती खणायला कुदळ लागते ना, तसं.

कडक जमिनीवर हा सगळा हिशोबच बदलतो. विंध्याचा काळा पाषाण, त्यात काय घुसणार बटन? तिथे ग्रिप फक्त घर्षणाची, रबर दगडाच्या बारीक खडबडीत जागांना चिकटून बसतं तेवढीच. म्हणजे जास्तीत जास्त रबर जमिनीला लागायला हवं, तर बटनं बुटकी आणि जवळ जवळ, आणि रबर मऊ. हार्ड एन्ड्युरोवाले, म्हणजे दगडधोंड्यांच्या अवघड वाटांवर शर्यती करणारे, ओले दगड चढायला मागच्या चाकाला गमी टायर लावतात तो याच कारणाने, अगदी मऊ रबर, लवकर फाटतं, पण दगड सोडत नाही.

आता चुकीचा टायर चढवला की काय होतं. सॉफ्ट टेरेनचा टायर दगडावर नेलात तर मोजकी उंच बटनं जमिनीला टेकलेली, वळणावर ती कलंडतात, पुढचं चाक तरंगल्यासारखं वाटतं, आणि थोड्याच दिवसात बटनांच्या कडा गोल होतात नाहीतर बुडापासून चिरा पडतात. मग लोक म्हणतात टायर हलका निघाला. टायर हलका नव्हता हो, जागा चुकली. उलट हार्ड टेरेनचा टायर चिखलात नेला की जवळ जवळ बटनांमधल्या फटी लगेच भरतात आणि चाक अख्खं गुळगुळीत होतं, मग थ्रॉटल कितीही पिळा, गाडी जागीच.

सगळ्यात जास्त राग येतो तो अंगठा दाबून रबर तपासणाऱ्यांचा. उंच बारीक बटन अंगठ्याने ढकललं की हलतं, लगेच निकाल, हे मऊ. बुटकं रुंद बटन हलत नाही, मग ते कडक. अरे भिया, हलतंय ते बटनाच्या आकारामुळे! रबर बघायचंच असेल तर बटनाच्या माथ्यावर नख रुतवून बघा, किंवा ड्युरोमीटर, म्हणजे रबराचा कडकपणा मोजायचं यंत्र, लावा, त्यावर शोअर ए या मापाचा आकडा येतो, जितका कमी तितकं रबर मऊ. आणि त्याहून सोपं म्हणजे कंपनी काय म्हणते ते वाचा. डनलॉपच्या जिओमॅक्स नावाच्या टायरांमधे एमएक्स १४ वाळू-चिखलाचा, एमएक्स ३३ सॉफ्ट ते इंटरमीजिएट, एमएक्स ५३ इंटरमीजिएट ते हार्ड, एमएक्स ७१ हार्डचा, म्हणजे नंबर चढत जातो तशी जमीन कडक होत जाते. हे मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचे, टायर आहेत, डांबरी रस्त्यासाठी नाहीत, पण वर्गवारी समजायला उदाहरण छान आहे.

आपल्या माळव्यात आणखी एक भानगड आहे. काळी माती. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगा पडून विटेसारखी होते, त्यामुळे तेच शेत, तोच गाडरस्ता जुलैत सॉफ्ट टेरेन आणि मे महिन्यात हार्ड टेरेन. कुणी विचारलं की महूच्या पलीकडे जायचंय, कुठला टायर, तर मी आधी महिना विचारतो. पहिल्या पावसानंतर तर आणखी वाईट, वर बोटभर चिकट थर आणि खाली टणक जमीन, तिथे रुंद टायर वरच तरंगतो, अरुंद टायर थर कापून खाली पोचतो. म्हणून चिखलासाठी रुंद टायर घालायची फॅशन मला अजिबात पटत नाही. भर पावसात काळी माती चिकटायला लागली की सॉफ्ट टेरेनचा टायरसुद्धा हरतो, मडगार्ड आणि चाकाच्या मधे ती इतकी ठासून बसते की चाक फिरायचं थांबतं, तेव्हा त्या दिवसात मुरमाची वाट धरा.

माझं मत विचाराल तर इंदूरवाल्याने इंटरमीजिएट घ्यावा आणि वर्षभर चालवावा. दोन वेगळे घ्यायची तयारी असेल तर पुढे सॉफ्टकडे झुकलेला, कारण वळताना पुढचं चाक मातीत शिरलं पाहिजे, आणि मागे हार्डकडे झुकलेला, कारण घाट चढताना दगडावर रबर मागच्यालाच लागतं. दिसायला भारी म्हणून सॉफ्ट टेरेनची उंच बटनं लावून रोज एबी रोडवर ऑफिसला जाणं बंद करा, ओल्या डांबरावर ब्रेक लागत नाही आणि बटनं नुसती झिजतात. टायरवर एनएचएस (नॉट फॉर हायवे सर्व्हिस) लिहिलं असेल तर तो हायवेसाठी नाहीच.

बाकीचं थोडक्यात. नर्मदाकाठच्या वाळूत हवा कमी करा, टायर पसरतो आणि रुतत नाही. खडकावर तेवढी कमी नको, रिम दगडावर आपटून ट्यूबला सापाच्या दातासारखी दोन भोकं पडतात. कच्च्यातनं डांबरावर आलात की हवा परत भरा, त्यासाठी पंप गाडीवरच बांधलेला ठेवा. आणि टायर चढवताना बाजूवरचा बाण बघा, दुकानातली पोरं घाईत उलटा बसवतात.