पार्श्वभूमी : शाळांचे माजी विद्यार्थी संघ आणि नोंदणीचा घोळ

नागपुरातल्या महाल, सीताबर्डी, धरमपेठ भागांतल्या जुन्या हायस्कुलांचे माजी विद्यार्थी पूर्वी जमत ते सुवर्णमहोत्सव किंवा शताब्दीला. स्मरणिका निघे, शाळेला पंखे-कपाटे मिळत आणि मंडळी पांगत. कायम चालणारे संघ थोडेच. चित्र बदलले ते व्हॉट्सअ‍ॅपमुळे. 2016 मध्ये ग्रुपची मर्यादा 100 वरून 256 झाली आणि चारही तुकड्यांची अख्खी बॅच एका ग्रुपात मावू लागली.

ग्रुपपासून संघापर्यंतची मेहनत मात्र दोन-चार जणांचीच असते. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी काढून दाखल-खारीज रजिस्टरवरून (शाळेत आलेल्या-गेलेल्या विद्यार्थ्यांची नोंदवही) याद्या उतरवायच्या. मुलींची नावे माहेरची असल्याने निम्मा शोध मैत्रिणींमार्फतच लागतो. बॅच मोजायची ती दहावीच्या वर्षावरून. पण 1975 च्या सुमारास जुनी अकरावी आणि नवी दहावी मागेपुढेच बाहेर पडली, त्यामुळे त्या काळच्या याद्या वेगळ्या ठेवाव्या लागतात. आठवीतून शाळा सोडलेले किंवा नापास झालेले यादीतून हमखास गळतात. खरे तर गावातच राहून दुकान, गॅरेज चालवणारे हेच लोक ऐनवेळी धावून येतात.

भांडण लागते पैसा जमू लागला की. खाते कुणाच्या नावावर? शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या खात्यात टाकला तर हिशेब विचारायची सोय राहत नाही, एकाच्या बचत खात्यात ठेवला तर त्याच्यामागे आयकराची कटकट. मग कुणीतरी म्हणतो, नोंदणी करून टाकू.

महाराष्ट्रात ही नोंदणी दुहेरी आहे : 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही. 1950 चा हा मुंबई राज्याचा कायदा विदर्भात लगेच आला नाही. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशात होते आणि तिथला 1951 चा स्वतंत्र कायदा चाले. मुंबईचा कायदा इथे 1961 पासून लागू झाला. 2012 मध्ये नावातले ‘मुंबई’ जाऊन ‘महाराष्ट्र’ आले, तरी जुन्या कागदांवर जुनेच नाव दिसते आणि नवखा कार्यकर्ता गोंधळतो.

किमान सात सभासद, घटना, नियमावली एवढे जुळवणे जड नाही. पहिला अडथळा नावाचा. शाळेचे नाव वापरायचे आणि पत्ताही शाळेचाच द्यायचा तर संस्थेचे ना-हरकत पत्र लागते, आणि संस्थाचालकांना समांतर सत्ताकेंद्राची धास्ती असते. मुख्याध्यापकांना पदसिद्ध सदस्य केले की ती बरीच निवळते.

खरी गोम पुढे आहे. कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, दरवर्षी लेखापरीक्षण अहवालही. पहिला उत्साह ओसरला की हे राहून जाते. तीन निवडणुका होतात, पण परिशिष्ट एकवर, म्हणजे धर्मादाय आयुक्तालयातल्या अधिकृत नोंदीत, नावे पहिल्याच मंडळाची. सही करणारा एक जण पुण्याला गेलेला, एक वारलेला. बँक नव्या सह्या घेत नाही आणि दोन वर्षे व्यवहार नसला की खाते निष्क्रिय होते. म्हणून आमचे मत : दोन-तीन वर्षे सलग काम दिसल्याशिवाय नोंदणीच्या भानगडीत पडू नये. तोवर संयुक्त खाते, तिघांपैकी दोघांच्या सह्या आणि दर तिमाहीचा हिशेब ग्रुपवर, एवढ्यावर भागते.

नोंदणीच्या बाजूचा हुकमी मुद्दा 80-जीचा, म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट देणाऱ्या कलमाचा होता, पण तो आता बोथट झाला आहे. नव्या करप्रणालीत ही वजावट नाही आणि 2023-24 पासून वेगळी निवड केली नाही तर तीच आपोआप लागू होते. शिवाय 2021 पासून कायमची मान्यता बंद झाली, नूतनीकरण मागे लागले. स्नेहमेळाव्याच्या जेवणाची वर्गणी म्हणजे देणगी नव्हे, त्यामुळे तिची पावती 80-जीची देता येत नाही. ते पैसे वेगळेच ठेवावेत.

परदेशातल्या वर्गमित्रांच्या बाबतीत पासपोर्ट पाहावा. भारतीय पासपोर्टवाल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले चालते. अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारे ओळखपत्र) असले तरी, 2010 च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार (एफसीआरए) परकीय योगदान ठरते. एफसीआरए परवानगी नसेल तर ती घेऊच नये, मग मित्र कितीही जवळचा असो.

वस्तू दिली की शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद करून पोच घ्यावी आणि देखभालीचा खर्च आधीच बाजूला काढावा. आरओ मशीन थाटात बसते. वर्षभराने मेम्ब्रेन चोंदतो, फिल्टर कुणी बदलायचा ते ठरलेले नसते आणि पोरे पुन्हा टाकीच्या नळाला.

मेळाव्याची तारीखही नागपुरात जपून धरावी लागते. मे महिन्यात उन्हामुळे कुणी येत नाही आणि परदेशस्थांना सोयीच्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असते. सिव्हिल लाइन्स, सीताबर्डीकडच्या हॉटेलांत तेव्हा खोल्या मिळत नाहीत. जुने कार्यकर्ते त्यामुळे नाताळानंतरचा आठवडा धरतात आणि सभागृह दिवाळीपूर्वीच आगाऊ रक्कम भरून राखून ठेवतात.