खुर्चीवरचा योगा 'खरा' नसतो? चुकीचं आहे हे

"खुर्चीत बसून हातपाय हलवले की झाला का योगा?" हे इतक्या वेळा ऐकलंय ना, की आता नीट सांगायलाच हवं. जमिनीवर मांडी घालणं ही योगाची अट नाहीये. पतंजलींचं सूत्र आहे, स्थिरसुखमासनम्, म्हणजे स्थिर आणि सुखाने बसता येईल ते आसन, बस्स, जमिनीचा त्यात उल्लेखही नाही. आणि योगगुरू बी. के. एस. अय्यंगारांनी तर साधी घडीची लोखंडी खुर्ची हेच साधन केलं, तिच्या आधाराने सर्वांगासनसुद्धा (खांद्यांवर भार देऊन पाय वर करायचं आसन) करतात, चांगले तरुण लोक. म्हणजे 'हे फक्त म्हाताऱ्यांसाठी' हेही खरं नाही.

एकदा करून बघा. बिनचाकाची, न डगमगणारी खुर्ची घ्या, जरा पुढे सरकून बसा, तळवे जमिनीवर पूर्ण टेकवा (टेकत नसतील तर खाली घडी घातलेलं ब्लँकेट), आणि श्वास न रोखता सावकाश उभं राहा, तेवढंच सावकाश बसा, असं पाच वेळा. मांड्या लगेच बोलायला लागतात! गुडघे दुखत असतील तर हाताचा आधार घ्या, चक्कर येत असेल किंवा ऑपरेशन झालं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

मला वाईट वाटतं ते क्लासमध्ये खुर्ची मागे कोपऱ्यात ठेवतात त्याचं. सगळ्यांच्या रांगेतच ठेवा ना, आणि शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः खुर्चीवर बसून एखादं आसन दाखवावं, मग खुर्ची मागायला कोणालाच लाज वाटणार नाही.