इन्फ्रारेड रिपीटर

अ‍ॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर अशी उपकरणे बंद कपाटात किंवा दुसऱ्या खोलीत असतानाही त्यांचा नेहमीचा रिमोट चालावा, म्हणून केलेली जोडणी. रिमोटचा प्रकाश भिंतीतून किंवा लाकडी दारातून आरपार जात नाही. त्यामुळे बसण्याच्या जागेसमोर एक सेन्सर लावतात, त्याने पकडलेला संदेश वायरने आत नेतात आणि उपकरणावर चिकटवलेल्या एलईडीतून तो पुन्हा प्रकाशरूपात सोडतात. कल्पना सोपी आहे. घोळ होतो तो बहुधा वीजपुरवठ्यात आणि जॅकमध्ये.

रिमोटचा एलईडी साधारण ९४० नॅनोमीटर तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो. बटण दाबल्यावर तो सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो (३६ ते ४० हजार हा प्रचलित टप्पा). संदेश वाहून नेणाऱ्या या लुकलुकीमुळे, म्हणजे वाहक लहरीमुळे, सेन्सरला ऊन आणि दिव्यांच्या उजेडातून रिमोट वेगळा काढता येतो. बँग अँड ओलुफसेनच्या रिमोटची वाहक लहर मात्र ४५५ किलोहर्ट्झची, म्हणून साधा रिपीटर तिथे निरुपयोगी ठरतो.

बाजारात सुटा मिळणारा तीन पायांचा सेन्सर वाहक लहर गाळून केवळ संदेशाची उघडझाप पुढे देतो. एलईडी चालवण्यापूर्वी ती लहर पुन्हा मिसळावी लागते. उपकरणांच्या पाठीमागच्या ‘आयआर इन’ (इन्फ्रारेड संदेश आत घेणाऱ्या) जॅकचेही तसेच आहे: काहींना वाहक लहरीसह संदेश हवा असतो, काहींना गाळलेला. दोन्हींचा जॅक ३.५ मिलिमीटरचाच, त्यामुळे पिन मुकाट्याने बसते आणि उपकरण बिघडले असावे असे वाटते. अशा वेळी आधी उपकरणाची माहितीपुस्तिका बघावी.

सेन्सरपर्यंत तीन वायर पुरतात: धन पुरवठा, ग्राउंड आणि संदेश. चार जोड्यांची नेटवर्क केबल यासाठी सर्रास वापरतात. लांबीची धास्ती अनाठायी आहे. अर्ध्या मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या वायरीचा ३० मीटरचा जाऊन-येऊन रोध जेमतेम ५ ओहम भरतो. २० मिलिअ‍ॅम्पिअर प्रवाहाला त्यात ०.१ व्होल्ट खर्च होतो. जास्त लक्ष द्यायचे ते जोड्यांकडे. संदेशाची वायर ग्राउंडसोबत एकाच पिळात असावी, आणि केबल घरातल्या विजेच्या वायरीला चिकटून न नेता अंतर राखून न्यावी.

तयार संच बहुधा १२ व्होल्ट डीसीवर चालतात. अ‍ॅडॉप्टर बदलताना पिनची ध्रुवता (धन कुठे, ऋण कुठे) तपासावी. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या अनियंत्रित अ‍ॅडॉप्टरवर १२ लिहिलेले असले तरी भार नसताना तो १६-१७ व्होल्ट देऊ शकतो. सुटा सेन्सर बहुधा ५ व्होल्टचा असतो. १२ व्होल्ट थेट दिले की जळतो. त्याला व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा रेग्युलेटर लागतो आणि पायांजवळ एक छोटा कपॅसिटर लावलेला बरा. आणखी एक हमखास चूक म्हणजे रिपीटरचा अ‍ॅडॉप्टर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्विच होणाऱ्या सॉकेटला लावणे. अ‍ॅम्प्लिफायर स्टँडबायवर गेला की रिपीटरही झोपतो, मग रिमोटने उठवणार कोण? ‘१२ व्होल्ट ट्रिगर’ हा जॅकही दुसऱ्या उपकरणाला चालू होण्याची खूण देण्यासाठी असतो, वीज पुरवण्यासाठी नव्हे.

प्रकाश सोडणारे एलईडी एकसर जोडता येतात. प्रत्येकावर साधारण १.३ व्होल्ट पडतात. १२ व्होल्टवर दोन एलईडी आणि ४७० ओहमचा रोधक घेतला तर सुमारे २० मिलिअ‍ॅम्पिअर मिळतात. एकसर जोडणीत एक जरी उलटा लागला तरी सगळेच मुके होतात. एलईडी जागेवर पडतो का, हे विजेरीने पाहता येते: उपकरणाच्या दर्शनी काचेवर तिरका उजेड टाकला की आतला सेन्सर दिसतो, नेमके तिथेच चिकटवावे. तो पेटतो का, हे मोबाइलच्या कॅमेऱ्यात जांभळट ठिपक्यावरून कळते. मागच्या कॅमेऱ्यात इन्फ्रारेड रोखणारी गाळणी असू शकते, म्हणून सेल्फीचा वापरावा.

कपाटाचे दार काचेचे असेल तर आतल्या एलईडीचा प्रकाश बाहेरच्या सेन्सरवर परतून रिपीटर स्वतःचाच संदेश ऐकत राहतो. सेन्सरचा दर्शक दिवा बटण न दाबताही लुकलुकत राहिला तर हेच झाले असे समजावे आणि एलईडीवर अपारदर्शक टोपी चढवावी.