जिवाणूंचा डीएनए ‘उघडा’? त्यांच्यात हिस्टोन नाहीत?

‘जिवाणूंमध्ये हिस्टोन नसतात, त्यांचा डीएनए उघडाच असतो’ हे वाक्य वर्गातल्या नोट्सपासून स्पर्धा परीक्षांच्या गाईडपर्यंत फिरत आलं आहे. हिस्टोन म्हणजे आपल्या पेशींत ज्यांच्याभोवती डीएनए गुंडाळलेला असतो ती प्रथिनं. त्यातला ‘उघडा’ हा भाग तर साफ चूक. ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा सुमारे दीड मिलिमीटर लांबीचा डीएनए जेमतेम दोन मायक्रोमीटरच्या पेशीत मावतो, तो पिळ पडून आणि एचयूसारख्या प्रथिनांनी वाकवल्यामुळे.

एचयूला ‘हिस्टोनसारखं’ म्हणायची पद्धत पडली आणि गोंधळ आणखी वाढला. काम थोडंफार तसं, पण रचना वेगळी: त्याचे दोन लांब, पट्टीसारखे बीटा-हात डीएनएच्या अरुंद खाचेत शिरतात. खऱ्या हिस्टोनची खूण म्हणजे तीन अल्फा-हेलिक्स (स्प्रिंगसारखे वळलेले भाग) आणि त्यांना जोडणारे दोन लूप.

नेमकी हीच घडी काही जिवाणूंतही आहे. डेलोव्हिब्रिओ हा इतर जिवाणूंची शिकार करणारा जिवाणू. त्याच्या हिस्टोनवर २०२३ मध्ये शोधनिबंध आला. आपल्या पेशींत आठ हिस्टोनांच्या रिळाभोवती डीएनएच्या सुमारे १४७ बेसजोड्या (त्याच्या शिडीच्या पायऱ्या) गुंडाळलेल्या असतात. इथे मात्र हिस्टोनच्या जोड्या डीएनएला बाहेरून चिकटत जातात आणि तो सरळ राहतो. निदान परीक्षानळीत तसं दिसलं. पुढच्या एका अभ्यासात हेच प्रथिन डीएनए वाकवतानाही आढळलं, त्यामुळे वाद मिटलेला नाही.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात ज्याची धास्ती असते, त्या लेप्टोच्या जिवाणूतही हिस्टोन आहेत. ई. कोलायमध्ये नाहीत. म्हणजे जुन्या वाक्यात ‘बहुतेक’ हा शब्द हवा होता.